पेटी डावीकडे ठेवली

सावंगी (मेघे)
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

वर्षालीताई,

नमस्कार. तुझ्याकडे सगळे बरे असतील असं धरून चालते. मी बरी आहे. जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे वाद नको.

१. २ डिसेंबरला तुझा फोन आला. माझा नंबर तू केळझरला बाबांकडून घेतलास.

२. तू म्हणालीस की सुलोचनाबाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, १ फेब्रुवारीला कार्यक्रम आहे, स्मरणिका निघणार आहे, आणि जुनी विद्यार्थिनी म्हणून मी लेख द्यावा.

३. मी 'बघते' म्हणाले. लेख पाठवला नाही.

४. ३ जानेवारीला तू स्मरणिकेची कच्ची प्रत मोबाइलवर पाठवलीस.

५. पान २३ वर माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट, एक लेख आहे. शीर्षक 'माझ्या चुका आणि माझ्या बाई'.

६. तो मी लिहिलेला नाही.

७. तरी त्यातल्या चौदा नोंदी माझ्या आहेत. पंधरावी माझी नाही.

या चौदा नोंदी कुठून आल्या हे मला लगेच कळलं. त्या चुकांच्या वहीतून आल्या आहेत. वहीबद्दल तुला सांगायची गरज नाही, पण हे पत्र उद्या दुसऱ्या कोणाला दाखवावं लागलं तर त्यालाही समजलं पाहिजे, म्हणून लिहिते. बोरगावच्या नाचाच्या वर्गात दर शनिवारी घुंगरू सोडल्यावर प्रत्येकीने आपल्या पानावर त्या आठवड्याची आपली एक चूक लिहायची. नाव कोणाचंच घ्यायचं नाही. कारण द्यायचं नाही. दोन ओळींपेक्षा जास्त नाही. दुसरीच्या पानाला हात लावायचा नाही. बाई स्वतः त्या वहीत कधीच लिहीत नसत.

आता पंधरावी नोंद. तारीख १८ नोव्हेंबर २०१८. 'परीक्षेत एक मात्रा गेली ती माझ्यामुळे. विचारायला हवं होतं, विचारलं नाही.'

१८ नोव्हेंबर हा शेवटच्या परीक्षेचा दिवस. त्या दिवसानंतर मी वर्गात पाऊल टाकलं नाही. मग वहीत मी लिहीन कशी?

त्या दिवशी काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे. मी तीनतालात नाचत होते. बाई बोल म्हणत होत्या, हाताने ताल देत होत्या. बंडूजी तबल्यावर होते. तू पेटीवर लहरा धरला होतास, म्हणजे सोळा मात्रांचं चक्र कुठे सुरू होतं हे सांगायची जबाबदारी तुझी होती. शेवटच्या तिहाईत एकच तुकडा तीनदा नाचायचा होता, मध्ये दोन थांबे होते. दुसऱ्या थांब्यानंतर बाई एक मात्रा उशिरा सुरू झाल्या. बंडूजी बाईंच्या हाताकडे पाहून वाजवत होते, तेही उशिरा आले. मी समेवर, म्हणजे चक्राच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर आले. समोर बसलेल्या परीक्षकाला काय दिसलं? दोन मोठी माणसं एकत्र आणि एक मुलगी पुढे. बाई त्याला हसून म्हणाल्या, "पोरगी घाई करते जराशी."

बाबांनी मोबाइलवर घेतलेलं चित्रण माझ्याकडे आहे. मी ते मोजलं आहे. त्या लयीत एक मात्रा ०.४३ सेकंदाची होती. माझा पाय आणि तुझ्या लहऱ्याची सम यांत ०.०२ सेकंदाचा फरक आहे. बाईंची सम ०.४१ सेकंद नंतर आहे. घाई कोणाचीच नव्हती.

हे तीन जणांना माहीत होतं. बंडूजी २०२१ मध्ये वारले. उरलो आपण दोघी. मी लिहिलं नाही. वर्ग आज तू चालवतेस, स्मरणिका तू काढतेस, वही तुझ्या ताब्यात आहे. कार्यक्रमाला त्या दिवशी हजर असलेले पालकही येतील. ती मात्रा माझ्या तोंडून माझ्या नावावर जमा झाली, तर कोणाची सोय होते, हे तूच सांग.

पेटी कुठे होती, कोण कुठे बसलं होतं, असले तपशील इथे महत्त्वाचे नाहीत.

मला त्या पानाचा पूर्ण फोटो हवा आहे, कडा न कापता. शनिवार, १० जानेवारीपर्यंत पाठव. तोपर्यंत पान २३ छापायला देऊ नकोस.

सुरभी रूपराव चाफले


वर्धा
शुक्रवार, ९ जानेवारी

सुरभी,

तुझं पत्र दुकानात गल्ल्यावर बसून दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं का ठाण्यातून नोटीस आली. क्रमांक एक, क्रमांक दोन! माय वो, लहानपणी घुंगरं मोजून घ्याची तशीच आहेस अजून. मले तुझ्यासारखं शुद्ध लिहिता येत नाई. बोलते तसंच लिहून राह्यली, समजून घेजो.

पहिलं म्हणजे, तू लेख दिला नाई म्हणून तुझं पान मीच बनवलं. बाकी सोळा जणींनी दिले. त्यांच्यात तू नाई हे कसं दिसलं असतं? बाई विचारत होत्या रोज, "केळझरवालीचं आलं का?" मी म्हटलं, वहीतलं तिचंच लिहिलेलं आहे, तेच लावून देऊ, खुश होईन. पान तुझ्या नावाचं, म्हणून वरपासून खालपर्यंत सगळं तुझंच समजून उतरवलं. अक्षर पाहिलं नाई. ही माझी चूक. वहीत जागा आहे माझ्या पानावर, लिहून टाकीन.

तुझं पत्र आल्यावर वही उघडून नीट पाहिली. ते अक्षर तुझं नाई. माझंबी नाई. ते बाईचं आहे. मी हजेरीपटावर किती वर्षं पाहिलं ते अक्षर, मले समजते.

मंग मी त्यांच्याकडे गेली. आता त्यांचे दोन्ही कान गेल्यातच जमा आहेत. पोरानं मशीन घेऊन दिली, ती कपाटात पडून आहे, म्हणतात कर्रकर्र करते. वही समोर धरली, ओरडून विचारलं, "बाई, हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"पण हे तर सुरभीचं पान आहे!"

"मंग? तिची मात्रा खाल्ली, तं तिच्याच पानावर लिहीन ना. माझं पान कुठं आहे त्याच्यात?"

"सांगायचं नाई का मंग तिले?"

"वाटलं वही पाहायले येईन. आपलं पान कोणी असं सोडून देते का?"

मंग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तू काऊन छापून राह्यली ते? ते छापायचं नोतं."

आता तुझं दुसरं. मी पेटीवर होती, मले माहीत होतं का तू बरोबर आली. मी काऊन नाई बोलली? परीक्षकासमोर बाईले खोटं पाडायची माझी हिंमत नोती. त्याच दिवशी परत येताना ऑटोत बंडूजी म्हणाले, "बाई, पोरगी समेवर होती. आपण दोघं मागं राह्यलो." बाई महिन्याभरानं गणपतीच्या दर्शनाचं निमित्त काढून केळझरला तुमच्या घरी गेलत्या. तू नागपूरला कॉलेजात होती. तुझ्या बाबांनी चहा पाजला, वांगी दिली पिशवीभर. त्यांनी तुले सांगितलं नाई का?

बाईचा डावा कानच काम करत नाई हे आम्हाले पुढच्या वर्षी समजलं. तेव्हा कोणालेच माहीत नोतं. नाई तं मी पेटी घेऊन त्यांच्या उजवीकडेच बसली असती ना. वर्गात तशीच बसत होती.

फोटो सोबत आहे. कडा कापल्या नाईत, मोजून घे.

सावंगी ते बोरगाव, पंधरा मिनिटं लागत नाईत. येजो कधी.

वर्षाली


सावंगी (मेघे)
सोमवार, १२ जानेवारी २०२६

बाई,

नमस्कार. सात वर्षं तुमची तब्येत विचारली नाही, आता एकदम विचारणं बरं दिसत नाही. तरी विचारते. तुम्ही कशा आहात?

वर्षालीताईने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तिच्या सांगण्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. माझ्याकडे तुमच्या हातचा एकच कागद होता, पहिल्या परीक्षेच्या अर्जावरची शिफारस. तो शेजारी ठेवून अक्षर जुळवलं. जुळलं. तरीही शुक्रवारपासून मी दुसरं कारण शोधत होते. तुम्ही ते केव्हा लिहिलं? त्याच आठवड्यात, की आता कार्यक्रम ठरल्यावर? लिहायचंच होतं तर नाव का नाही घातलं? शाई जुनी आहे की नवी हे फोटोवरून सांगता येत नाही. मी एका प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीलाही विचारलं. ती म्हणाली, "तू ठीक आहेस ना?"

ठीक आहे. पण तुम्ही लबाडी केली आहे हे सिद्ध झालं असतं, तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

बाबांनी सांगितलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये फोनवर म्हणाले होते, "तुझ्या बाई येऊन गेल्या." मी विचारलं नाही कशाला आल्या होत्या. म्हटलं, "वांगी काढायला कोण आलं होतं?" आणि विषय बदलला.

आता जे वर्षालीताईला लिहायचं टाळलं ते लिहिते.

तुमचा डावा कान काम करत नाही हे मला परीक्षेच्या आधी माहीत होतं. तेव्हा मी श्रवणतपासणीच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला होते. जून २०१८ मध्ये तुम्ही पंख्याचं कारण सांगून पेटी उजव्या हाताला हलवलीत. फोन नेहमी उजव्या कानाला धरायच्या. डाव्या रांगेतल्या मुलींचे घुंगरू चुकले तर तुम्ही पकडत नव्हतात, उजव्या रांगेतल्या पकडत होतात. आधी ऐकून चूक सांगायच्या, मग पाय पाहून सांगायला लागलात. अशा अकरा नोंदी मी कॉलेजच्या वहीच्या मागच्या पानांवर केल्या होत्या, तारखांसकट. कोणाला दाखवल्या नाहीत. तुम्हालाही नाही.

परीक्षेच्या दिवशी मंचावर बैठक मांडायचं काम माझ्याकडे होतं. सतरंजी, तबला, पेटी, पाण्याचा तांब्या. पेटी मी डावीकडे ठेवली.

चुकून नाही. उजवीकडे जागा होती. मला पाहायचं होतं की माझं निदान बरोबर आहे का. लहरा ऐकू आला नाही तर थांब्यानंतर तुम्ही कुठे उचलता, हे मला तपासायचं होतं. मी तुमची चाचणी घेतली, बाई. न सांगता, न विचारता, परीक्षकासमोर. पहिला थांबा तुम्ही बरोबर काढलात. तेव्हा मला वाईट वाटलं. मी चुकले म्हणून वाईट वाटलं. मग दुसऱ्या थांब्यात तुम्ही मागे राहिलात, आणि त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही, म्हणून लिहीत नाही.

तुमच्या तोंडातून बोल उशिरा निघालेला मला ऐकू येत होता. एक मात्रा थांबून मी तुमच्याबरोबर येऊ शकले असते. बंडूजी आले तशी. कोणाला काही कळलं नसतं. मी थांबले नाही.

का, हेही सांगते. वहीत कारण द्यायचं नसतं, पण ही वही नाही. त्या ऑक्टोबरमध्ये सगळ्या वर्गासमोर तुम्ही म्हणाला होतात, "सुरभीच्या नाचात हिशेब दिसते, जीव नाई दिसत." मुली हसल्या. मला तुमचा हिशेब चुकलेला पाहायचा होता. मग तुम्ही 'पोरगी घाई करते' म्हणालात आणि मला राग धरायला सोयीचं कारण मिळालं. ते मी सात वर्षं वापरलं. आता लक्षात येतं की ते वाक्य तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तुम्हाला जे ऐकू आलं त्यावरून ते खरंच होतं.

वर्षालीताईने लेख मागितला तो तुमच्या गौरवासाठी. मला गौरवाची भाषा येत नाही. जे खात्रीने माहीत आहे तेवढं सांगते.

केळझरहून येणारी बस बऱ्याचदा उशिरा यायची. तुम्ही वर्ग थांबवत नव्हतात, पण मी आल्यावर सगळ्यांना म्हणायच्या, "चला, आता खरी सुरुवात." मला बरीच वर्षं वाटायचं की तोवर खरंच सुरुवात झालेली नसायची. दहावीनंतर बाबा नाच बंद करणार होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "रूपरावजी, पोरगी नाचते म्हणजे वाया जाऊन राह्यली असं नाई. दोन वर्षं द्या मले, मंग तुम्हीच सांगजा." बाबांनी पाच दिली. बसथांब्यावर उभं राहून बुटाच्या आत फक्त बोटांनी सोळा मात्रा मोजायला तुम्ही शिकवलंत. कोणाला दिसत नाही आणि पाय थंड पडत नाहीत. मी अजून मोजते.

वहीचं मी आणखी एक सांगते. आमच्या श्रवणतपासणीच्या खोलीत रोज अशी माणसं येतात जी ऐकू येतं असं दाखवतात. समोरच्याच्या ओठांकडे पाहून मान हलवतात, योग्य जागी हसतात. बहुतेकांना त्यांच्या घरच्यांनी ओढत आणलेलं असतं. घरचे ओरडत असतात, "आई, नीट सांग ना!" मी ओरडत नाही. थांबते. म्हणते, जे ऐकू आलं नाही ते सांगा, त्यात चूक काही नाही. हे मला कॉलेजात शिकवलेलं नाही. दर शनिवारी दोन ओळी लिहून हे शिकले. मला रोज ते वापरून माणसं तपासता येतात, आणि ज्यांनी ते शिकवलं त्यांना मी एका शब्दाने विचारलं नव्हतं, 'बाई, ऐकू येतंय का?'

तुमच्या ओळीत 'विचारायला हवं होतं' असं आहे. कोणाला, हे तुम्ही लिहिलं नाही. मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की आता मला त्याचाही संशय येतो. पेटी ठेवून मी वळले तेव्हा तुम्ही आधी पेटीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. 'तिकडे ठेव' म्हणाला असतात तर मी ठेवली असती. तुम्ही काही म्हणाला नाहीत. सतरंजीवर बसलात आणि पदर खोचलात. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, की मला माहीत आहे? मी स्वतःहून सांगेन म्हणून तुम्ही थांबला होतात का? तसं असेल तर त्या मंचावर चाचणी फक्त मी घेत नव्हते.

माझ्या पानावर तुमच्या ओळीखाली जागा शिल्लक आहे. फोटोत दिसते. तिथे नियमाप्रमाणे हे लिहायचं आहे:

'१८ नोव्हेंबर २०१८. पेटी डावीकडे ठेवली. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.'

मशीन कर्रकर्र करतं ते बसवणाऱ्याने तुमच्या कानाप्रमाणे लावलेलं नाही म्हणून. कपाटात ठेवायचं कारण नाही. तुमची इच्छा असेल तर मी घरी येऊन लावून देईन. इच्छा नसेल तर दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या, मी नाव देते. याचा पुढच्या प्रश्नाशी संबंध नाही.

स्मरणिका सोमवारी, १९ तारखेला छपाईला जाते. माझ्या नावाचा तयार लेख काढून टाकायला मी वर्षालीताईला सांगितलं आहे. त्या जागी हे पत्र जसंच्या तसं जाऊ शकतं. पण त्यात तुमच्या कानाची गोष्ट आहे, आणि ती माझ्या एकटीची नाही. ती सांगायची की नाही हे एकदा मी तुम्हाला न विचारता ठरवलं. दुसऱ्यांदा ठरवणार नाही.

छापायचं की पान कोरं ठेवायचं, आणि पेटी डावीकडे दिसली तेव्हा तुम्हाला कळलं होतं की नाही, या दोन्हींचं उत्तर तुमच्या हाताने लिहून शुक्रवार, १६ जानेवारीपर्यंत कळवावं ही विनंती.

तुमची विद्यार्थिनी,
सुरभी